वाटेत अडलेल्या गाडीचा वाली कोण?

(मोटार-संघटना आणि विमा कंपनी यांच्या रस्ता-मदतीचा अभ्यास)

द्वितीय वर्ष कला (अर्थशास्त्र)

वार्षिकासाठी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काही अभ्यासपूर्ण लिहावे, असे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा कुणी महागाई घेतली, कुणी बेकारी, कुणी ऊसदर. मी माझा विषय सांगितला तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला. "हिच्याकडे केवढ्या मोटारी आहेत गं?" असेही कुणीतरी म्हणाले. मोटारी नाहीत. एक व्हॅन आहे, बारा वर्षांची, माझे वडील आणि चुलते यांनी मिळून दुसऱ्याकडून घेतलेली. माझे वडील, म्हणजे आबा, गवंडीकाम करतात. आठवडाभर त्या व्हॅनमधून थापी, ओळंबा, फळ्या आणि माणसे जातात आणि सणासुदीला आम्ही जातो. हा लेख त्या व्हॅनमुळेच लिहावा लागला, म्हणून तिची हकिगत आधी सांगणे भाग आहे.

गेल्या वर्षी मे महिन्यात साखरप्याला मामांकडे लग्न होते. परत येताना आंबा घाटाच्या चढणीला गाडीतून जळका वास येऊ लागला. इंजिन ओरडते आहे, पण चाक फिरत नाही, अशी अवस्था. क्लचप्लेट गेली होती. गाडीत आम्ही सहाजण, त्यांत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. वळवाचे ढग भरून आलेले, आणि घाटात फोनला रेंज नाही. आबा एका टेम्पोत बसून वर आंबा गावापर्यंत गेले आणि विम्याच्या कागदावर छापलेल्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितले, "सर, आपल्या पॉलिसीमध्ये ही सुविधा समाविष्ट नाही." मग कुणाकुणाला विचारून मलकापूरहून एक क्रेनवाला मिळाला. तो येईपर्यंत पाऊस येऊन गेला. आजी कठड्याच्या दगडावर घोंगडे डोक्यावर घेऊन बसून होती आणि वानरे तिच्याकडे बघत होती. क्रेनचे साडेचार हजार झाले. आबांच्या खिशात तीन हजार दोनशे होते. उरलेले मामांनी दुसऱ्या दिवशी पाठविले आणि क्रेनवाल्याने तेवढ्यावर विश्वास ठेवला.

साडेचार हजार म्हणजे आबांची पाच दिवसांची मजुरी.

यंदा विमा संपत आला तेव्हा एजंट घरी आला. तो म्हणाला, "या खेपेला फुल पॉलिसी काढा, वर चारशे रुपये भरा, मग गाडी कुठंबी बंद पडू दे, एक फोन करायचा." त्याच आठवड्यात मुंबईचा आतेभाऊ आला होता. तो म्हणाला, "मामा, विम्याच्या नादी लागू नका. मोटारमालकांची संघटना असते, तिचे सभासद व्हा. वर्गणी भरायची, ते येऊन गाडी नेतात." दोघांचे बोलणे आबांनी शांतपणे ऐकून घेतले. रात्री जेवणानंतर दोन्हीकडची माहितीपत्रके माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातीस न्हवं? मग ह्यातलं कुठलं खरं हाय, ते वाचून सांग. रविवारपतूर."

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजवर घरात मी वाचून दाखविले ते वीजबिल आणि लग्नपत्रिका. बारीक टाइपातला इंग्रजी कागद समोर आला तेव्हा पहिला विचार आला तो असा की, आता आपली परीक्षा आहे आणि यात एटीकेटीची सोय नाही.

आता मूळ विषयाकडे वळू.

'मोटार क्लब' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर श्रीमंतांची मौजमजा उभी राहते. हे अगदीच खोटे नाही. इंग्लंडमध्ये १८९७ साली स्थापन झालेला क्लब, जो पुढे रॉयल ऑटोमोबाइल क्लब झाला, तो खरोखरच धनिकांचा होता. पण १९०५ साली लंडनमध्ये निघालेल्या ऑटोमोबाइल असोसिएशनचा जन्म मोठा गमतीदार आहे. १९०३ च्या कायद्याने मोटारीला ताशी वीस मैलांची मर्यादा घातली होती. पोलीस झुडपाआड घड्याळ लावून बसत आणि मोटारवाल्यांना पकडत. या संघटनेने सायकलवरून फिरणारे राखणदार नेमले. पुढे पोलीस लपले आहेत हे ते मोटारवाल्यांना खुणेने सांगत! १९१० साली न्यायालयाने ठरविले की, वेगाने जाणाऱ्यास असा इशारा देणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. तेव्हा त्यांनी युक्ती काढली. एरवी राखणदार सभासदाच्या गाडीला सलाम ठोकी. ज्या दिवशी तो सलाम करणार नाही, त्या दिवशी सभासदाने थांबून कारण विचारायचे. सलाम न करणे हा काही गुन्हा होऊ शकत नाही. इंग्रजांच्या डोक्याचे कौतुक करावे की चावटपणाचे, हे मला अजून ठरविता आलेले नाही. सांगावयाचा मुद्दा हा की, रस्त्यावर अडलेल्यास मदत करणे हा या संघटनेचा आरंभीचा उद्देशच नव्हता. राखणदार रस्त्यावर फिरतच होते, आणि रस्त्यावर फिरणाऱ्याला अडलेली गाडी दिसतेच.

अमेरिकेत १९०२ साली शिकागो येथे नऊ क्लबांनी एकत्र येऊन अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन स्थापन केली. तेथे १९१५ साली सेंट लुई शहरातल्या क्लबाने पाच मोटारसायकलस्वार नेमले. ते रविवारी रस्त्यांवर फिरत आणि बंद पडलेल्या गाड्या चालू करून देत. रविवारीच का, तर लोक रविवारीच गाड्या बाहेर काढीत. आज कोट्यवधी सभासदांची सेवा ज्याला म्हणतात, तिचा उगम या पाच स्वारांत आहे. जर्मनीतला आडाक हा क्लब १९०३ चा. त्याच्या पिवळ्या गाड्या १९५४ पासून रस्त्यावर आहेत. लोक त्यांना 'पिवळे देवदूत' म्हणतात, आणि सभासदसंख्या दोन कोटींच्या वर आहे. आपल्याकडेही मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई येथेही अशाच जुन्या संस्था आहेत. माझा आतेभाऊ अशाच प्रकारच्या संस्थेविषयी बोलत होता.

हे वाचताना मला आमच्या गावची इर्जिक आठवली. एकाच्या शेताचे काम अडले की सगळ्यांनी आपापली बैलजोडी घेऊन जायचे. पैसे नाहीत, फक्त जेवण. उद्या तुझ्या शेतावर आम्ही, परवा माझ्या शेतावर तू. आजी सांगते की तिच्या तरुणपणी गावची अर्धी नांगरट अशीच होई. मोटार-संघटना म्हणजे वर्गणी देऊन केलेली इर्जिकच नव्हे काय? जेम्स ब्युकॅनन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली क्लबांच्या अर्थशास्त्रावर एक निबंध लिहिला. त्याचा आशय थोडक्यात असा : काही सोयी एकट्याला परवडत नाहीत आणि साऱ्या जगाला मोकळ्याही ठेवता येत नाहीत. अशा सोयी ठराविक सभासदांनी वाटून घेणे शहाणपणाचे, पण सभासद फार वाढले की गर्दी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला येणारा लाभ घटतो. हे इर्जिकीलाही लागू आहे. पाऊस एकाच दिवशी सगळ्यांच्या शेतावर पडतो. बैल तेवढेच असतात.

विम्याचे तत्त्व याहून निराळे. विमा म्हणजे करार. अमुक घडले तर अमुक देऊ, आणि काय घडले तर देणार नाही, हेही आधीच लिहून ठेवलेले. सभासदाची अडचण हा क्लबाचा विषय असतो. विमा कंपनीचा विषय असतो तो घटना, आणि ती घटना करारात बसते किंवा बसत नाही. आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम १४६ प्रमाणे तृतीय पक्षाचा विमा, म्हणजे लोकांच्या भाषेत 'थर्ड पार्टी', सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई व्हावी, एवढाच त्याचा हेतू. आबांची पॉलिसी हीच होती. त्या फोनवरच्या मुलीने खोटे काहीच सांगितले नव्हते. नंबर कागदावर छापला होता म्हणून आबांना वाटले की नंबरामागे माणूस आणि माणसामागे क्रेन असेल.

'फुल पॉलिसी'त स्वतःच्या गाडीचेही नुकसान येते. पण येथेही एक वाक्य आहे, ते मी तीनदा वाचले. झीज, तसेच यांत्रिक किंवा विद्युत बिघाड, याची भरपाई मिळणार नाही. म्हणजे गाडी झाडावर आदळली तर विमा, क्लचप्लेट जळली तर नाही. अपघातानंतर गाडी ओढून नेण्याचा खर्च मिळतो, पण आमच्याकडे आलेल्या नमुन्यात त्याला खासगी मोटारीसाठी १५०० रुपयांची मर्यादा आहे. घाटातून मलकापूरपर्यंतसुद्धा ती पुरली नसती. बिघाडाला विम्यात जागा नाही, म्हणून तर रस्ता-मदतीचे वेगळे कलम जादा पैसे घेऊन जोडले जाते. एजंटाचे चारशे रुपये ते हेच.

मग क्लब चांगला आणि विमा वाईट, असे म्हणून लेख संपविता आला असता. इतिहास मात्र तसे म्हणू देत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मोटार क्लबाने १९१२ सालीच आपल्या सभासदांसाठी विम्याची संस्था काढली. म्हणजे क्लब विमेवाला झाला. उलट, इंग्लंडमध्ये ग्रीन फ्लॅग ही रस्ता-मदतीची संस्था आज विमा कंपनीच्या मालकीची आहे. आणि ज्या ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सलामाची गोष्ट वर सांगितली, तिचे सभासद १९९९ साली मतदानाला बसले आणि त्यांनी आपली संघटना सेंट्रिका या कंपनीला एक अब्ज पौंडांहून अधिक किमतीला विकून टाकली. सभासदांना पैसे मिळाले. ज्या दिवशी ते मिळाले, त्या दिवसापासून ते मालक उरले नाहीत, गिऱ्हाईक झाले. आपल्या भागात सहकारी संस्थांच्या सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना यावर अधिक सांगणे नको. आडाकसारखा क्लब अजून सभासदांचा आहे खरा, पण २०१४ साली त्याच्याच मोटार-पारितोषिकाच्या मतांचे आकडे फुगविल्याचे उघडकीस आले आणि अध्यक्षांना जावे लागले. तेव्हा देवदूत हे नाव गाड्यांपुरतेच घ्यावे.

तरीही एक खरा फरक उरतो, आणि माझ्या मते निवड करताना तोच पहिल्याने पाहावा. अमेरिकेत क्लबाचे सभासदत्व माणसाला असते. सभासद स्वतःची गाडी चालवो, मित्राची चालवो किंवा शेजारी नुसता बसलेला असो, मदत त्याला मिळते. विम्याचे कलम गाडीला चिकटलेले असते. पॉलिसीवर जो क्रमांक, तीच गाडी. दुसरी गोष्ट, तेथे काही विमा कंपन्या रस्त्यावरची मदतसुद्धा दावा म्हणून नोंदवितात, आणि अशा नोंदी पुढच्या हप्त्याच्या वेळी पाहिल्या जाऊ शकतात. क्लबाला तुम्ही चारदा बोलावले तर चार खेपांची मर्यादा संपेल, पण तुमच्या विम्याच्या खात्यावर डाग पडणार नाही. आपल्याकडे 'नो क्लेम बोनस' म्हणून जी सवलत मिळते, वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत, ती नुसती क्रेन बोलाविल्याने सहसा जात नाही, असे एजंट सांगतात. ते लेखी घ्यावे, एवढेच मी म्हणेन. 'सहसा' या शब्दावर गाडी ओढली जात नाही.

येथवरचा अभ्यास ग्रंथालयात झाला. शनिवारी मी मलकापूरला जाऊन त्या क्रेनवाल्या काकांना भेटले. मामांचे तेराशे त्यांना केव्हाच पोचले होते, तरी चहा पाजल्याशिवाय त्यांनी बोलूच दिले नाही. मी वही काढली तेव्हा त्यांना वाटले की मी विम्याच्या ऑफिसातून आले आहे. कॉलेजची आहे हे कळल्यावर मोकळे झाले.

मी विचारले, "काका, क्लबवाल्यांची क्रेन वेगळी आणि विमावाल्यांची वेगळी असते का?"

ते हसले. "पोरी, ह्या रस्त्याला क्रेनच दोन हायत. एक माझी, एक त्या पंपाजवळच्याची. कुणाचाबी फोन आला तरी आम्हीच जाणार."

त्यांनी फोनमधले निरोप दाखविले. कधी विमा कंपनीकडून, कधी गाडी बनविणाऱ्या कंपनीकडून, कधी कुठल्या सभासद-संस्थेकडून. पण कोणीही सरळ बोलत नाही. मध्ये एक सेवा पुरविणारी कंपनी असते. तिचा फोन दूरच्या शहरातून येतो, आणि फोन करणाऱ्याला साखरपा कुठे आणि मलकापूर कुठे हे ठाऊक नसते. दर ठरलेला. ओढून नेण्याचे किलोमीटर मोजतात, पण क्रेन रिकामी जाते त्याचे पैसे पुरते मिळत नाहीत. आणि बिल दोन महिन्यांनी निघते.

"मग एकाच वेळी दोन फोन आले तर?"

"तुझे आबा रोख देतात. कंपनी दोन महिन्यांनी देती. डिझेल उधार मिळतंय व्हय? आता तूच सांग, मी आधी कुणाकडं जाऊ?"

मी काहीच बोलले नाही. वर्गात मागणी-पुरवठ्याच्या आकृत्या काढताना हे कधी ध्यानात आले नव्हते. ज्या दोन संस्थांत आम्ही निवड करीत होतो, त्या दोन्ही शेवटी याच माणसाला फोन करणार होत्या आणि फोन केल्यावर आमचा नंबर रोखीच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागणार होता. शहरात, जिथे वीसपंचवीस क्रेन उभ्या असतात, तिथे हा प्रश्न येत नसेल. घाटात येतो.

मी महामार्गाच्या १०३३ या क्रमांकाविषयीही विचारले. राष्ट्रीय महामार्गांवर अडचणीत सापडलेल्यांसाठी हा क्रमांक आहे आणि आंबा घाटाचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६६ आहे. टोल असलेल्या मोठ्या रस्त्यांवर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवण्याची जबाबदारी कंत्राटदारावर असते. काकांचे म्हणणे असे की, अपघात झाला किंवा गाडी रस्त्यात आडवी असली तर हा नंबर जरूर फिरवावा. पण त्यांची क्रेन रस्ता मोकळा करावयास येते, तुमची गाडी तुमच्या मिस्त्रीकडे पोचवावयास नव्हे. ही गोष्ट फुकट आहे आणि ती आमच्या गल्लीत एकालाही माहीत नव्हती.

मग मी दोन्हीकडे फोन केले. प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवले होते, कारण फोनवर इंग्रजी बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळते. गाडी बारा वर्षांची आहे, चालेल का? मदत गाडीला की माणसाला? आंबा घाटात कोण येईल आणि कुठून येईल? किती किलोमीटर ओढून नेणार, आणि ते किलोमीटर गाडीपासून मोजणार की क्रेनच्या ठाण्यापासून? वर्षातून किती वेळा? स्टेपनी बदलणे, बॅटरीला जोड देणे, किल्ली हरवणे, पेट्रोल संपणे यांचेही विचारले. त्यात फार फरक निघाला नाही. सुटे भाग आणि इंधन यांचे पैसे दोन्हीकडे आपलेच.

सभासद-संस्थेच्या कार्यालयातले गृहस्थ वयस्कर असावेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की त्यांच्या स्वतःच्या गाड्या शहरात आणि शहराच्या आसपास आहेत. घाटात बाहेरच्या माणसाकडून व्यवस्था करता येईल, पण वेळेची हमी देता येणार नाही. मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. विम्याच्या फोनवर आधी पाच मिनिटे गाणे वाजले. नंतर जे बोलले त्यांनी सगळ्या प्रश्नांना "येस मॅडम" म्हटले. मी विचारले, "माहितीपत्रकाच्या तिसऱ्या पानावर लिहिले आहे की दहा वर्षांवरील वाहनास हे जोड-कलम देता येणार नाही. आमची गाडी बारा वर्षांची आहे." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग, "नो मॅडम."

एजंट चारशे रुपये घेऊन गेला असता. घाटात पुन्हा गाडी अडली असती आणि आबांनी पुन्हा टेम्पोत बसून वर जाऊन फोन केला असता.

रविवारी रात्री मी आबांसमोर हिशेब मांडला. चार वर्षांत व्हॅन रस्त्यात तीनदा बंद पडली. एकूण खर्च सात हजार शंभर. चारशेचे कलम नुसते मिळत नाही, त्यासाठी आधी फुल पॉलिसी लागते. तिचा आणि थर्ड पार्टीचा फरक आमच्या गाडीला वर्षाला सुमारे पाच हजार दोनशे. चार वर्षांचे वीस हजार आठशे. कलम मिळाले असते तरी क्रेनपुरते पाहता हा सौदा महाग होता.

हा हिशेब मी सरांना दाखविला तेव्हा त्यांनी एक आक्षेप घेतला आणि तो रास्त आहे. विमा सरासरीसाठी काढत नाहीत, वाईट दिवसासाठी काढतात. गाडी चोरीला गेली, जळाली, दरीत गेली, तर वीस हजार आठशे क्षुल्लक वाटतील. मला हे मान्य आहे. मात्र तो फुल पॉलिसीच्या बाजूचा युक्तिवाद आहे, रस्ता-मदतीच्या नव्हे. जे नुकसान माणसाला उभे राहू देणार नाही, त्याचा विमा घ्यावा. जे पाच दिवसांच्या मजुरीत भरून निघते, त्यासाठी डबा ठेवावा. आमची त्या दिवशीची खरी अडचण साडेचार हजारांची नव्हतीच, ती खिशात नसलेल्या तेराशेंची होती.

आतेभावाला मात्र मी सभासदत्वच ठेवायला सांगितले. तो मुंबईत राहतो, कधी मालकाची गाडी चालवितो, कधी स्वतःची. फक्त सभासदत्व माणसाच्या नावावर आहे की गाडीच्या, हे विचारून घे म्हटले. आपल्याकडे अमेरिकेसारखेच असेल असे धरून चालू नये. पुण्याच्या चुलतभावाची गाडी दोन वर्षांची, फुल पॉलिसी आहेच, तेव्हा त्याने चारशेचे कलम डोळे मिटून घ्यावे. म्हणजे एकाच घराण्यात तीन गाड्यांना तीन उत्तरे निघाली. 'कुठलं खरं?' या आबांच्या प्रश्नाला एक उत्तर देता आले नाही, याचे मला थोडे वाईटही वाटले. त्यांना एकच हवे होते.

आबा आणि चुलते बराच वेळ बोलत बसले. शेवटी थर्ड पार्टीच ठेवायचे ठरले आणि स्वयंपाकघरात फळीवर एक डबा आला. दर आठवड्याच्या पगाराला त्यात शंभर रुपये पडतात. पाच हजार झाले की थांबायचे. चोरी-जाळपोळीचा धोका त्यांनी जाणून पत्करला आहे. माझे मन याबाबत पुरते निश्चिंत नाही, आणि गाडी नवी घेतली तर मी वेगळे सांगेन हेही मी त्यांना बोलले. एजंट सोमवारी आला. आबांनी माहितीपत्रकाचे तिसरे पान उघडून त्याच्यापुढे धरले. तो वाचत राहिला, मग म्हणाला, "हे मी बघितलंच नव्हतं." मला वाटते तो खरे बोलत होता. त्यानेही ते कधी वाचले नसावे.

आता गल्लीतले लोक आपापले कागद घेऊन येतात. कालच शेजारच्या काकू ट्रॅक्टरची पॉलिसी घेऊन आल्या होत्या. सहामाही परीक्षा तोंडावर आली असताना हा नवा अभ्यासक्रम कुठून लागला, असे आई म्हणते, पण ती स्वतःच त्यांना चहा करते.

दिवाळीत पुन्हा साखरप्याला गेलो. आबांनी क्रेनवाल्या काकांचा नंबर आणि १०३३ हे दोन्ही व्हॅनच्या दाराला आतून ऑइलपेंटने रंगवून घेतले आहेत, आणि गाडीच्या कप्प्यात डब्यातले पैसे होते. घाट चढताना कोणीच बोलत नव्हते. गाडी नीट चढली. आजीने मात्र निघतानाच बसायला घरचा पाट बरोबर घेतला होता. तो अजून गाडीतच आहे.